पेशी जवळ आली, भाषा लांबच राहिली

‘रूल मेड ॲब्सोल्यूट इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज बी. नो ऑर्डर ॲज टू कॉस्ट्स.’ निकालपत्राच्या शेवटच्या पानावरच्या या दोन ओळींवर बोट ठेवून गेवराई तालुक्यातले एक सत्तरीचे शेतकरी मामा मला विचारत होते, "सर, जितलो का हारलो, तेवढं सांगा." कागद हातात पडून त्यांना बारा दिवस झाले होते. गावातल्या गुरुजींनी वाचून पाहिला होता. पुण्यात कंपनीत असलेल्या पुतण्याला मोबाइलवर फोटो गेला होता. त्याने ‘कायतरी रूल केलाय म्हणतेत काका, वकिलाला विचारा’ असं कळवलं होतं. वकीलसाहेब दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावी. मामा जिंकले होते, आणि पूर्ण जिंकले होते. ‘ब’ मागणीप्रमाणे फेरफाराचा आदेश रद्द झाला होता. आणि हा माणूस बारा दिवस अन्न गोड न लागता हिंडत होता.

हायकोर्टात लावायच्या कागदांची मराठीतून आणि थोडीबहुत उर्दूतून इंग्रजीत भाषांतरं करणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम. त्यामुळे या लेखात जे मागणार आहे ते माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मराठवाड्याला मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ मिळालं ते अंतर कमी करण्यासाठी. रस्त्याचं अंतर कमी झालं, त्याबद्दल वाद नाही. पण कोर्टाचं अंतर फक्त रस्त्यावर मोजायचं नसतं. उरलेलं अंतर भाषेचं आहे, आणि ते कमी करायची युक्ती खंडपीठाच्या स्वतःच्या जन्मकथेतच लिहून ठेवलेली आहे. ती कथा आपण ‘लढ्याचा विजय’ म्हणून सांगतो आणि तिच्यातली कायद्याची बारीक गोष्ट विसरतो.

माझ्या आजोबांच्या पिढीला हायकोर्ट म्हणजे हैदराबाद. मुसी नदीच्या काठावरची ती घुमटांची इमारत १९२० साली उघडली. पुढच्याच वर्षी निजामाने फर्मान काढून न्यायखातं मुलकी कारभारापासून वेगळं केलं. तेव्हा ब्रिटिश मुलखातल्या बहुतेक भागांत कलेक्टरच दंडाधिकारी म्हणून बसत होता. निजामाच्या राजवटीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही, रझाकारांच्या आठवणी आमच्या घरातही आहेत. पण खरं ते खरं. त्या कोर्टाचं कामकाज मुख्यतः उर्दूत चाले. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतला शेतकरी ‘पेशी’ला हैदराबादला जायचा, आणि आजही आमच्याकडे तारखेला ‘पेशी’च म्हणतात.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात. आपल्या माणसांत आलो याचा आनंद खराच होता. पण नकाशा उघडून बसा. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर; मुंबई सहाशेच्या आसपास. उमरग्याहून हैदराबाद दोनशे, मुंबई पाचशे. म्हणजे भाषेच्या नात्याने आपण ज्या दिवशी घरी परतलो त्याच दिवशी आपलं हायकोर्ट दुपटीहून लांब गेलं. मीटरगेजच्या गाडीने मनमाडपर्यंत यायचं, तिथे रात्री-अपरात्री ब्रॉडगेजची गाडी पकडायची, सकाळी बोरीबंदरला उतरायचं, वकिलाचं ऑफिस शोधायचं, आणि दुपारी कळायचं की मॅटर बोर्डावर आलंच नाही. लॉजचा खर्च वेगळा. अशा कोर्टात अपील करायचं की नाही हे कायद्याने ठरत नसे, कनवटीला किती आहे त्यावर ठरे.

नागपूरची गोष्ट वेगळी होती. १९५३ च्या नागपूर करारात उच्च न्यायालयाचं दुसरं पीठ नागपुरात राहील हे लिहून घेतलेलं होतं. त्या करारावर मराठवाड्याच्या नेत्यांच्याही सह्या आहेत, पण पीठ मागितलं गेलं विदर्भासाठी. तिथे आधीपासून हायकोर्ट होतं, ते गमवायचं नव्हतं. आपल्याकडे गमवण्यासारखं हायकोर्ट नव्हतंच. आपलं होतं ते हैदराबादला राहून गेलं.

मग पंचवीस वर्षं. वकील संघांचे ठराव, मोर्चे, निवेदनं, मराठवाडा विकास आंदोलनाच्या मागण्यांची यादी. १९७८ साली विधानसभेने कायम पीठाच्या बाजूने ठराव केला, आणि चर्चेत पुण्याचंही नाव त्याला जोडलं गेलं. (महाराष्ट्रात मराठवाड्याच्या पानात वाढताना शेजारच्या पानाकडे बघायची ही रीत जुनीच.) अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, मंत्रिमंडळाने निर्णय घेऊन प्रस्ताव दिल्लीला पाठवला. दिल्लीत तो पडून राहिला.

इथून पुढची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये तीन पोटकलमं आहेत. पहिलं मुख्य पीठाबद्दल. दुसरं म्हणतं, कायम खंडपीठ हवं असेल तर राष्ट्रपतींनी राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून आदेश काढावा. तिसरं पोटकलम साधं आहे: काहीही असलं तरी, मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने आणखी कुठल्याही ठिकाणी न्यायमूर्ती बसवू शकतात. दुसरं पोटकलम म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा. त्याला दिल्लीची किल्ली. तिसरं म्हणजे परसदार. त्याची किल्ली इथेच. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये परसदार उघडलं. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेत न्यायमूर्ती बसू लागले.

त्या आदेशाला आव्हान मिळालं आणि खुद्द मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. दुसऱ्या पोटकलमाचं काम तिसऱ्याने करून घेता येत नाही, असा एकूण आक्षेप. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या नावाने ते वकिलांच्या तोंडी आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: दोन्ही पोटकलमं स्वतंत्र आहेत, मुख्य न्यायमूर्तींचा तो अधिकार त्यांचा स्वतःचा आहे, त्याला अट एकच, राज्यपालांची मान्यता. त्यानंतर दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९८४ ला, दिंडीदरवाजाही उघडला. राष्ट्रपतींच्या आदेशाने पीठ कायम झालं. तोवर आतले लोक कामाला लागून तीन वर्षं झाली होती.

हा निकाल फक्त आपल्या कामाला आला असं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालेलं फिरतं पीठ याच पोटकलम तीनवर उभं आहे. सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकं ज्यासाठी भांडले त्याची कायदेशीर वाट औरंगाबादने पाडून ठेवली होती. आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या तिसऱ्या तुकड्याकडे, कन्नड भागाकडे पाहा. कलबुर्गीला फिरतं पीठ २००८ साली मिळालं आणि ते कायम झालं २०१३ साली. त्या हिशेबाने आपण जवळजवळ तीस वर्षं पुढे होतो. मराठवाड्याला सगळं उशिराच मिळतं हे आपलं आवडतं रडगाणं या एका ठिकाणी बसत नाही.

आज खंडपीठाच्या कक्षेत बारा जिल्हे आहेत: मराठवाड्याचे आठ, शिवाय नगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार. म्हणजे तोरणमाळच्या डोंगरापासून किनवटच्या जंगलापर्यंत. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं; लोकांच्या तोंडी खंडपीठ अजून औरंगाबादचंच आहे. त्यात नवल काही नाही, मुंबईचं नाव बदलून तीस वर्षं झाली तरी मूळ न्यायालय इंग्रजीत ‘बॉम्बे’च म्हणवून घेतं. जिल्हा न्यायालय ज्या रस्त्यावर आहे त्याला ‘अदालत रोड’ म्हणतात आणि हायकोर्ट जालना रोडवर.

खंडपीठ म्हणजे वेगळं हायकोर्ट नव्हे, हे मात्र पक्षकारांना कधी नीट सांगितलं जात नाही. न्यायालय एकच, मंजूर न्यायमूर्ती ९४, आणि कोण कुठे बसणार, कोणापुढे कुठली प्रकरणं जाणार, हे रोस्टर मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. मराठवाड्याशी संबंधित सगळं इथेच ऐकलं जातं असंही नाही. गोदावरीच्या समन्यायी पाणीवाटपाचा, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा निकाल २०१६ साली मुंबईत लागला. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, तीही मुंबईतच. त्यावर माझी फारशी तक्रार नाही. दोन पीठांच्या हद्दीतलं पाणी कुठल्यातरी एकाच ठिकाणी ऐकावं लागणार.

जवळ कोर्ट असण्याचा फायदा काय, हे ज्याला कळत नसेल त्याने २०२० च्या फेब्रुवारीतलं माजलगावचं प्रकरण आठवावं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध शांतपणे धरणं धरायला परवानगी नाकारली गेली. आंदोलक खंडपीठात आले. तो आदेश रद्द झाला, आणि एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून माणूस देशद्रोही ठरत नाही, असं खंडपीठाने स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे याच खंडपीठाने रद्द केले. माजलगावहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी जाऊ शकतो, म्हणून धरण्याच्या परवानगीसारख्या ‘लहान’ गोष्टीसाठी हायकोर्टात जाणं शक्य होतं. मुंबईला जावं लागलं असतं तर त्यांनी धरण्याचाच नाद सोडला असता.

बारा जिल्ह्यांत सगळ्यांचंच अंतर कमी झालं असं मात्र नाही. देगलूरहून हैदराबाद आजही खंडपीठापेक्षा बरंच जवळ आहे. किनवटच्या माणसाला चारशे किलोमीटरच्या आसपास यावं लागतं. लातूर-नांदेडला आणखी एक पीठ हवं अशी मागणी अधूनमधून निघते, आणि ई-फायलिंग व ऑनलाइन सुनावणीच्या दिवसांत मला ती तितकीशी पटत नाही. यापुढची भिंत इमारतीची नाही.

आता माझ्या टेबलावर येतो.

मराठवाड्यातल्या जमिनीचा दावा हायकोर्टात जातो तेव्हा कागदांचा जो गठ्ठा येतो तो चार लिपी-भाषांचा असतो. १९५४-५५ चं खासरा पत्रक. इनामाची जमीन असेल तर निजामाच्या अतियात खात्याचा मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, उर्दूत, तोही शिकस्ता लिपीत. म्हणजे वळणदार घाईचं हस्ताक्षर, जे उर्दू शाळेत शिकलेल्या पोरालाही वाचता येत नाही. एखादी मोडीतली चिठ्ठी. मग सातबारे, फेरफार, वाटणीपत्र, तालुका कोर्टातला मराठी जबाब. तारीख लिहिलेली असते ‘आबान १३४२ फसली’. फसली सनात ५९० मिळवायचे की ५९१, हे महिना बघून ठरतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे. एका वर्षाची चूक झाली तर मुदतीचा मुद्दा उलटा होऊ शकतो. अलीकडे कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर सरकारच्या लक्षात आलं की मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. आम्हाला ते आधीच माहीत होतं.

हे कायदेही इथलेच. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० चा. इनामं रद्द करणारा हैदराबादचा कायदा त्यानंतरचा. पुण्या-साताऱ्याच्या वकिलाला हे कायदे उघडावेच लागत नाहीत. आमच्याकडे संरक्षित कुळ, खिदमतमाश, मदतमाश (हे इनामांचे प्रकार) हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतात. भूसंपादनाच्या अपिलांचा ढीग वेगळाच. जायकवाडीपासून तलाव, कालवे, रस्ते, महामार्ग. गावंच्या गावं ‘मावेजा’साठी वाढीव रकमेची अपिलं लढतात. ‘मोबदला’ म्हणा, नुकसानभरपाई म्हणा, शेतकरी म्हणतो मावेजा.

या शब्दांचं इंग्रजीत काय होतं ते सांगतो. ताबा, कब्जा, वहिवाट. तिन्हींचं भाषांतर ‘पझेशन’. जमीन माझ्या नावावर आहे आणि मी तिच्यावर आहे, हा ताबा. दुसऱ्याने दांडगाईने घेतली, तो कब्जा. वर्षानुवर्षं कसतोय, बांधावरची बोरं उतरवतोय, विहिरीचं पाणी घेतोय, कुणी हटकलेलं नाही, ती वहिवाट. जबाबात साक्षीदार म्हणतो, "कब्जा त्यांचा होता पण वहिवाट आमचीच होती." हे वाक्य मी पंचवीस वर्षांत किमान दहा वेळा इंग्रजीत नेलंय आणि प्रत्येक वेळी काहीतरी मागे सांडलंय. बटईने दिलं आणि ठोक्याने दिलं, दोन्ही ‘लीज’. एकदा एका नवशिक्या पोराच्या मसुद्यात ‘सालगडी’चं भाषांतर ‘ॲन्युअल टेनंट’ असं पाहिलं. म्हणजे वर्षाच्या पगारावर राबणारा गडी एका फटक्यात कूळ झाला! कुळकायद्याच्या प्रकरणात ही चूक म्हणजे जमीनच हातची जाणं. ते मी खोडलं, कारण माझ्या नजरेस पडलं.

फौजदारी अपिलात तर अंगावर काटा येतो. जळालेल्या बाईचा मृत्यूपूर्व जबाब. ‘पेटले’ आणि ‘पेटवलं’, मध्ये एका अक्षराचा खेळ. एकात अपघात किंवा आत्महत्या, दुसऱ्यात खून. मरणाच्या दारातली बाई अर्धं बोलते, हवालदार त्याच्या कानाला लागेल तसं लिहितो, डॉक्टर सही करतो, आणि काही वर्षांनी मी ते इंग्रजीत ‘आय गॉट बर्न्ट’ लिहायचं की ‘आय वॉज सेट ऑन फायर’, या विचारात रात्र काढतो. कुणाची तरी जन्मठेप त्या क्रियापदावर टांगलेली असते.

न्यायमूर्तींवर अन्याय नको. मराठी जाणणारे न्यायमूर्ती असतील तर ते मूळ कागद मागवतात, मराठी जबाब स्वतः वाचतात, शंका आली तर वकिलाला मराठीतच विचारतात. भाषांतरातून सूट द्या असा अर्ज केला तर पुष्कळदा मंजूरही होतो. म्हणजे मराठी खंडपीठात आहेच, फक्त ती मेहेरबानीवर आहे. समोर कोण बसलंय यावर ती अवलंबून. परराज्यातून बदलून आलेले न्यायमूर्ती असतील तर पुन्हा माझ्याकडे गर्दी, आणि पानामागे पैसे. ज्या माणसाचा सातबारा हरवलाय त्याने तो परत मिळवण्यासाठी, स्वतःच्याच भाषेतला कागद परक्या भाषेत करून घ्यायचे पैसे भरायचे.

गंमत अशी की तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्ष मराठीत. पायरी चढली की इंग्रजी. घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल राज्याची भाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात वापरायला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारने ही परवानगी हिंदीसाठी कधीच मिळवली; राजस्थानने तर १९५० साली. तमिळनाडू, गुजरात, छत्तीसगड, पश्चिम बंगाल आणि कर्नाटक यांचे प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायमूर्तींच्या बैठकीत २०१२ साली मान्य केले नाहीत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ढोलताशे वाजले. अभिजात भाषेत रिट याचिका मात्र दाखल होत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि काही खरे आहेत. मुख्य न्यायमूर्ती परराज्यातले असतात. त्यांनी मराठी निकाल कसे लिहावेत? न लिहावेत. जयपूर आणि अलाहाबादलाही बाहेरचे न्यायमूर्ती येतात. तिथे हिंदी चालते म्हणून इंग्रजी बंद झालेली नाही. गोव्याचं काय? मुंबई उच्च न्यायालयाचं एक पीठ पणजीजवळच्या पर्वरीत आहे, तिथली राजभाषा कोकणी. म्हणूनच सक्ती मागू नये, मुभा मागावी. कायद्याची परिभाषा मराठीत नाही, हा आक्षेप मात्र मला हसू आणतो. अर्ज, दावा, फिर्याद, जामीन, कैफियत, हरकत, तहकूब, मुखत्यारपत्र, वकालतनामा. तालुका कोर्टात हे शब्द रोज राबतात. फारसी-अरबीतून आलेले, मराठीत मुरलेले. निजामाच्या हायकोर्टाने उर्दूत कामकाज केलं, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमातून चाललं. तीही इथल्या बहुसंख्यांची भाषा नव्हती, राज्यकर्त्यांची होती, हे मान्य. पण देशी भाषेत हायकोर्ट चालूच शकत नाही, हे तरी मराठवाड्याला कुणी सांगू नये. आमच्या आजोबांची पेशी उर्दूत झाली, वडिलांची आणि आमची इंग्रजीत. मध्ये मराठीचं स्टेशन लागलंच नाही.

एका आक्षेपाबद्दल कुणी उघड बोलत नाही. इंग्रजीमुळे काही लोकांचं चालतं. त्यात मी आहे, टायपिस्ट आहेत, आणि काही वकीलही आहेत. पक्षकाराला कागद वाचता आला तर तो प्रश्न विचारतो. ‘प्रेयर क्लॉज बी’ म्हणजे काय हे कळलं तर ‘क’ मागणी का सोडली, हेही तो विचारील. तालुक्याच्या वकिलाला हायकोर्टात स्वतः उभं राहता आलं तर मधला एक हिस्सा कमी होईल. हुशार पण इंग्रजीला बिचकणारे किती तरी तालुका वकील मी पाहिलेत. साक्षीदाराची उलटतपासणी अशी घेतात की बघत राहावं, आणि अपिलाची फाइल बांधून जालना रोडवरच्या ‘सीनियर’कडे सोपवून येतात.

मग करायचं काय? इथे १९८१ कामाला येतं. कलम ३४८ चं दुसरं पोटकलम हा दिंडीदरवाजा. राज्य सरकारने तो ठोठवावा. १९७८ सारखा विधिमंडळाचा ठराव करून ठोठवावा, मराठवाड्याच्या ४६ आमदारांनी त्यासाठी उभं राहावं. पण तो उघडेपर्यंत ओसरीवर बसून राहायचं कारण नाही. परसदारं आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या न्यायालयाकडेच आहेत. उच्च न्यायालय आपल्या अपील शाखेचे नियम स्वतः करतं. मराठी कागदाला भाषांतराची गरज नाही, हा नियम असावा. समोरच्या पक्षाने किंवा न्यायमूर्तींनी मागितलं तरच भाषांतर, आणि तेही न्यायालयाच्या अनुवादकाकडून, सरकारी खर्चाने. आज सूट हा अपवाद आहे, तो उलटवायचा. याला राष्ट्रपती लागत नाहीत. उर्दू-मोडी कागदांसाठी खंडपीठाने स्वतःची यादी ठेवावी, ज्यांना खरंच वाचता येतं अशांची, परीक्षा घेऊन. आज कोणी काय वाचतो ते देवालाच ठाऊक. अनुवादकांची पदं वाढवायला पैसा लागेल, तो राज्याने द्यावा. इमारतींना देतोच.

आणि सगळ्यात सोपं परसदार म्हणजे निकालाचं शेवटचं पान. वकिली भाषेत ज्याला ‘ऑपरेटिव्ह पार्ट’ म्हणतात त्याचं मराठी रूप, अर्ध्या पानाचं, निकालाच्या प्रमाणित प्रतीला टाचून द्यायचं: याचिका मंजूर की नामंजूर, कुठला आदेश रद्द झाला, कोणी काय करायचं, किती दिवसांत. इंग्रजी मजकूर अधिकृत, असं खाली छापलं की कायद्याचं कलमही दुखावत नाही. सर्वोच्च न्यायालय आपल्या निकालांची भाषांतरं प्रादेशिक भाषांत करून देऊ लागलं आहे, मग अर्ध्या पानाला खंडपीठात अडचण कसली? यंत्राने मसुदा करावा, माणसाने तपासावा. ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’ला ‘नियम संपूर्ण केला’ असं काहीतरी यंत्र लिहील, म्हणून माणूस हवा. सुरुवात औरंगाबादपासून करावी, कारण मुंबईच्या मूळ शाखेतले, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणारे, कंपन्यांचे दावे इथे नाहीत. इथे बहुतांश पक्षकार शेतकरी, शिक्षक, सरपंच, सरकारी नोकर आणि तुरुंगातले कैदी आहेत.

गेवराईच्या मामांना मी तेव्हा पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं होतं: ‘तुमची याचिका मंजूर. फेरफाराचा आदेश रद्द. खर्चाबद्दल हुकूम नाही.’ तेवढ्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी कागद तीनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि इंग्रजी निकालपत्र पिशवीत टाकलं. पुढे तलाठ्याकडे गेले तेव्हा तलाठ्यानेही आधी टोपीतलाच कागद मागितला म्हणे.